लोड सेलचं शून्य सरकतंय? झिरोचं बटण दाबण्याआधी हे बघा

नमुने ओढून त्यांची ताकद मोजणारं चाचणी मशीन सुरू केलं, झिरो केलं, पहिला नमुना ओढून तोडला. भार काहीच नाही, तरी डिस्प्लेवर ०.३४ किलोन्यूटन. पुन्हा झिरो. दुसऱ्या नमुन्यानंतर ०.५१. पुन्हा झिरो. संध्याकाळपर्यंत ऑपरेटरला त्या बटणाची इतकी सवय होते की बिघाड आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बलमापन यंत्रांत हीच तक्रार सगळ्यांत जास्त वेळा येते, आणि 'लोड सेल (बलाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) गेलाय, नवा टाका' हा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो. निम्म्याहून जास्त वेळा सेल चांगला निघतो.

शून्य सरकतं ते सगळीकडे एकाच तऱ्हेनं नाही. तुमचं यंत्र यातलं नेमकं काय करतंय ते आधी ठरवा, कारण पुढची वाट त्यावर ठरते:

- भार नसताना आकडा हळूहळू एकाच दिशेनं चालत राहतो, थांबत नाही.
- भार नसताना आकडा स्थिर असतो, पण प्रत्येक वेळी भार देऊन काढला की नव्याच जागी बसतो.
- आकडा मागेपुढे नाचतो, सरासरी मात्र जागेवर असते.
- एखाद्या धक्क्यानंतर शून्य एकदाच मोठी उडी मारून सरकलं आणि आता तिथंच ठाम आहे.
- पावसाळी हवेत किंवा मशीन धुतल्यावर त्रास होतो, कोरड्या दिवसांत सगळं ठीक.
- ठरावीक वेळेलाच सरकतं, एरवी नाही.
- डिस्प्लेवर आकडाच नाही, ओव्हरलोडचा इशारा किंवा नुसत्या रेघा.

ढोबळमानानं पहिलं आणि पाचवं लक्षण ओलाव्याचं, दुसरं यांत्रिक जोडणीचं, तिसरं विद्युत गोंगाटाचं, चौथं ओव्हरलोडचं, सहावं तापमानाचं आणि शेवटचं तुटलेल्या वायरीचं. अपवाद भेटतात, म्हणूनच पुढची तपासणी.

शून्य ठीक आहे पण भाराखालचा आकडाच कमी-जास्त दाखवतो, तर तो वेगळा आजार, इथे त्यात शिरत नाही. फक्त एक सांगतो: चार वायरींची केबल कुणी लांब केली असेल तर आधी तिकडे बघा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीनं ५० मीटर अंतर जोडलं तर जाऊन-येऊन साधारण साडेतीन ओहम वाढतात. ३५० ओहमच्या सेलला हे जवळजवळ १ टक्का झालं.

सगळ्यात आधी: बटण सोडा, वही घ्या

झिरोचं बटण दुरुस्ती करत नाही, पुरावा पुसतं. दहा वेळा झिरो केलेल्या यंत्रात शून्य एकूण किती सरकलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि निदान नेमकं त्याच आकड्यावर उभं असतं. बऱ्याच इंडिकेटरांत, म्हणजे सेलचा सिग्नल वाचून आकडा दाखवणाऱ्या डब्यांत, झिरो न केलेला मूळ सिग्नल मिलिव्होल्ट प्रति व्होल्टमध्ये (सेलला दिलेल्या दर व्होल्टमागे किती मिलिव्होल्ट परत आले) दाखवणारी एक सोय मेन्यूत असते. ती शोधा. नसेल तर झिरो न करता दर पंधरा मिनिटांनी आकडा, वेळ आणि खोलीचं तापमान असं दोन तास लिहून काढा. खर्च शून्य, आणि मला फोनवर अर्धं निदान सांगता येतं ते या कागदावरूनच.

यंत्र सुरू करून किमान अर्धा तास झालेला असू द्या. सेल आणि इंडिकेटर दोघांनाही तापायला वेळ लागतो, थंड यंत्राचं सरकणं हा बिघाड नव्हे.

एका चाचणी मशीनचं शून्य रोज दुपारी तासभर सरकायचं आणि आपोआप परत यायचं. तिथं सेल बदलून झाला होता, इंडिकेटरही बदलून झाला होता. वही भरायला लावल्यावर वेळ कळली. छतातल्या पारदर्शक पत्र्यातून त्या वेळी उन्हाचा पट्टा सेलच्या एका बाजूवर पडत होता. सेलमध्ये तापमानाची भरपाई केलेली असते, पण ती सगळा सेल सारखा आणि सावकाश तापेल हे धरून. एक बाजू गरम आणि दुसरी गार झाली की ती भरपाई कामाची राहत नाही. पुठ्ठ्याचा आडोसा लावला, तक्रार संपली.

इतका नाजूक का?

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते वेगळं सांगावं लागत नाही. लोड सेल म्हणजे पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा घडवलेला तुकडा, आणि त्यावर चिकटवलेले चार स्ट्रेन गेज, म्हणजे ताणलं की विद्युत रोध बदलणाऱ्या पातळ पट्ट्या. हे चार गेज व्हीटस्टन ब्रिजच्या चार भुजा होतात; ब्रिज म्हणजे चार रोधांची चौकट, तिचा तोल ढळला की सिग्नल मिळतो. पूर्ण भाराखाली धातू साधारण हजारात एक भाग ताणला जातो आणि ३५० ओहमच्या गेजचा रोध जेमतेम ०.७ ओहमनं बदलतो. एवढ्यावरच सगळं मोजमाप. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला १० व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट मिळतात. सेल १०० किलोन्यूटनचा असेल तर १०० न्यूटनला २० मायक्रोव्होल्ट. गंजलेला एखादा स्क्रू सहज एवढा घोळ घालतो.

फुकटातली तपासणी: डोळे आणि हात

बॅटरी घ्या आणि सेलभोवती सगळीकडून बघा. बल सेलमधूनच गेलं पाहिजे, दुसरी वाट त्याला मिळता कामा नये. साचलेला कचरा, धातूचा कीस, सुकलेलं ग्रीस, सेलखाली सरकलेला वॉशर, चुकून घट्ट झालेला ओव्हरलोडचा अडसर, यातलं काहीही भाराचा एक हिस्सा परस्पर पळवतं. भार काढल्यावर ती वस्तू आधीच्याच जागी परत बसत नाही, म्हणून शून्य दर वेळी वेगळं. जाड कागदाची पट्टी सेल आणि आजूबाजूच्या सांगाड्यामधून फिरवून बघा. अडली की चोर सापडला.

केबलही भार पळवते. कमी क्षमतेच्या सेलवर ताठ केबल टायनं आवळून बांधली असेल तर ती स्प्रिंगसारखी वागते. टाय कापा, सेलजवळ केबलला सैल वळसा द्या.

नटबोल्टकडे येऊ. एस आकाराच्या सेलमध्ये दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक, लांब बोल्ट इतका आत गेलेला असतो की तो खाचेपलीकडच्या भागाला टेकतो. दोन, लॉकनट आवळताना सेलचं दुसरं टोक धरलेलं असतं, म्हणजे सगळा पीळ गेजच्या भागातून जातो. लहान सेल असा हातातल्या पान्यानंच मरतो, भाराची गरजच नाही. पाना नेहमी ज्या टोकाचा नट आवळायचा त्याच टोकाला धरा.

जोडणी पुन्हा बसवली असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी तीन वेळा पूर्ण भार देऊन काढा, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतील, आणि मग शून्य बघा. दुसऱ्या लक्षणाची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

केबल, कनेक्टर, जंक्शन बॉक्स

एकानं डिस्प्लेकडे बघायचं, दुसऱ्यानं केबल टप्प्याटप्प्यानं हलवायची, विशेषतः कनेक्टरजवळ आणि जिथं ती मशीनबरोबर हलते तिथं. आकडा उडाला की जागा मिळाली. मशीन चालू स्थितीत हात घालायचा नाही. क्रॉसहेड (मशीनचा वर-खाली होणारा आडवा भाग) किंवा प्रेस बंद करून, हायड्रॉलिक दाब उतरवून मगच.

बंद करून कनेक्टर उघडा. हिरवट पूड म्हणजे पाणी येऊन गेलंय. इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या क्लीनरनं धुवा, पूर्ण वाळू द्या. टर्मिनलचा प्रत्येक स्क्रू सोडून पुन्हा आवळा. नुसता पिळून बघितला तर वरून घट्ट वाटतो, आत वायर काळी पडलेली असते.

जंक्शन बॉक्स, म्हणजे केबल एकमेकींना जोडायचा डबा, हे ओलाव्याचं माहेरघर. न वापरलेल्या ग्लँडला (केबल आत घ्यायच्या तोंडाला) बूच नसणं, केबल वरून आत येणं, झाकणाची रबरपट्टी कडक होणं, ही नेहमीची कारणं. केबल खालून आत घ्या, ग्लँडआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलायची तारीख झाकणावर लिहा. सील करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र वापरू नका. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. असा बॉक्स वर्षभरानं माझ्याकडे परत येतो तेव्हा आधीपेक्षा वाईट झालेला असतो.

आकडा नाचत असेल तर शील्ड, म्हणजे केबलमधलं वायरींभोवतीचं धातूचं आवरण, बघा. ती एकाच टोकाला, शक्यतो इंडिकेटरच्या बाजूला जोडलेली असावी. दोन्ही टोकांना जोडली की तिच्यातूनच प्रवाह फिरतो. मोटर ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून सिग्नलची केबल नेली असेल तर ती वेगळी करा. नाचणाऱ्या आकड्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं याहून फारसं नाही, दहातल्या नऊ वेळा या दोनपैकी एक निघतं.

दोषी कोण, सेल की इंडिकेटर?

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. लोक ती करत नाहीत आणि सेल मागवून बसतात. सेल जोडलेलाच ठेवा आणि इंडिकेटरच्या टर्मिनलवर सिग्नलच्या दोन वायरी, फक्त सिग्नलच्या, एका छोट्या तारेनं एकमेकींना जोडा. आता सेल काहीही म्हणाला तरी इंडिकेटरला दोन सिग्नल वायरींमध्ये शून्य व्होल्टच दिसणार. डिस्प्लेवर शून्यच यायला हवं असं नाही, आकडा कुठलाही येऊ द्या. तो स्थिर आहे का एवढंच बघायचं. तासभर स्थिर राहिला तर इंडिकेटर निर्दोष, दोष केबल किंवा सेलमध्ये. तरीही सरकत राहिला तर सेलला हात लावू नका, इंडिकेटर दुरुस्तीला द्या.

एकापेक्षा जास्त सेल असतील तर जंक्शन बॉक्समधून एकेक सेल सोडून हाच खेळ करा. सेल सोडला की आकडा बदलणारच, त्याकडे दुर्लक्ष करा. कुठला सेल सोडल्यावर सरकणं थांबतं ते पाहा.

मल्टिमीटर: रोध

सेल इंडिकेटरपासून पूर्ण सोडवा आणि चार वायरींच्या सहाही जोड्या मोजून लिहा. रंगांवर विसंबू नका, सगळ्या कंपन्या एकच रंगसंगती पाळत नाहीत, सेलसोबतचा कागद बघा. कागद हरवला असेल तरी चालेल. सहा आकड्यांतले सगळ्यांत मोठे दोन म्हणजे एक्सायटेशनची (सेलला व्होल्टेज पुरवणारी) आणि सिग्नलची जोडी. ३५० ओहमच्या सेलमध्ये सिग्नलच्या जोडीत साधारण ३५०, एक्सायटेशनच्या जोडीत बहुधा ३८० ते ४२०, कारण तिथं भरपाईचे जादा रोध बसवलेले असतात. उरलेल्या चार जोड्या याहून कमी. नुसत्या चार समान भुजांचा हिशेब २६२.५ येतो, भरपाईच्या रोधांमुळे प्रत्यक्षात थोडा वर.

खरी परीक्षा समतोलाची. एक्सायटेशनच्या एकाच वायरीपासून दोन्ही सिग्नल वायरींपर्यंतचा रोध जवळजवळ सारखा हवा, एखाद-दुसऱ्या ओहमच्या आत. मग एक्सायटेशनच्या दुसऱ्या वायरीपासूनही तेच. एका बाजूला मोठा फरक दिसला तर ती भुजा जखमी आहे. अनंत रोध म्हणजे वायर तुटली. ती केबलमध्ये तुटली असेल तर अजून आशा आहे, सेलच्या आत तुटली असेल तर नाही.

केबल दुरुस्त करताना एक पथ्य. चार वायरींच्या सेलची केबल कापून आखूड करू नका. तिचा रोध धरून सेलचं कॅलिब्रेशन केलेलं असतं, जास्तीची केबल गुंडाळून ठेवा. सहा वायरींच्या सेलला ही अडचण नाही, सेन्सच्या दोन वायरी सेलपाशी खरंच किती व्होल्ट पोचले ते इंडिकेटरला सांगत असतात.

मेगर, पण ५० व्होल्टचाच

मेगर म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन फार मोठा रोध मोजणारं मीटर. नवशिका असताना मी ५०० व्होल्टचा मेगर चांगल्या सेलला लावला, तोही इंडिकेटर जोडलेला असताना. दोन्ही गेले. तेव्हापासूनचा नियम: इंडिकेटर सोडवलेला, चारही वायरी (असतील तर सहाही) एकत्र पिळलेल्या, आणि व्होल्टेज ५०. मोजायचं या जुडग्यापासून सेलच्या धातूपर्यंत, मग जुडग्यापासून शील्डपर्यंत.

नवा सेल साधारण ५,००० मेगाओहम दाखवतो. १,००० च्या वर असेल तर मी पुढे जातो. १०० च्या खाली आला की ओलावा शिरलाय असं धरतो. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही, बहुतेकांची मजल ४०-६० मेगाओहमपर्यंतच, त्यामुळे 'मीटर ओपन दाखवतोय' हे काही प्रमाणपत्र नव्हे.

एवढ्या मोठ्या रोधाची काळजी कशाला, असं वाटेल. हिशेब करू. ३५० ओहमच्या एका भुजेला समांतर १० मेगाओहमची गळती लागली तर ब्रिजचा तोल साधारण ०.००९ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टनं ढळतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला हे पूर्ण क्षमतेच्या ०.४ टक्क्याहून जास्त. गळती १ मेगाओहमची झाली तर ४ टक्क्यांच्या वर. आता चाचणी मशीनसाठीच्या आयएसओ ७५००-१ या मानकात अचूकतेच्या वर्ग १ ला शून्याची सवलत आहे ±०.१ टक्का. आणि ओलावा एका जागी ठरत नाही. तो वाळतो, पसरतो, तापमानानुसार बदलतो, म्हणून आकडा थांबत नाही.

रोध कमी आला तर लगेच सेलला दोष देऊ नका. केबल जंक्शन बॉक्सपाशी सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. केबलचं आवरण कुठं तरी सोललेलं असतं आणि पाणी तारांच्या जुडग्यातून वातीसारखं चढत मीटरभर आत जातं. तेवढा भाग बदलला की काम झालं, चार वायरींचं पथ्य मात्र लक्षात ठेवा. सेलच ओला असेल तर कागदावरची तापमानाची मर्यादा बघून ६०-७० अंशांवर काही तास वाळवता येतो. मेगरचा आकडा वर येतो, लोक खूश होतात. पाणी शिरायची वाट बुजलेली नसेल तर पुढच्या धुण्याला तो पुन्हा खाली. वाळवलेला सेल मी फक्त नवा येईपर्यंत चालवतो.

शेवटची तपासणी: बिनभाराचे मिलिव्होल्ट

सेल सांगाड्यातून काढा, टेबलावर मोकळा ठेवा, एक्सायटेशन द्या आणि सिग्नलचे मिलिव्होल्ट मोजा. बऱ्याच सेलना शून्यासाठी पूर्ण आउटपुटच्या १ टक्क्याची सूट असते. म्हणजे १० व्होल्ट आणि २० मिलिव्होल्टच्या सेलला ±०.२ मिलिव्होल्ट. मूळ प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी तुलना करा.

टेबलावर आकडा ठीक आणि मशीनमध्ये बसवला की बिघडतो, तर सेल निर्दोष, जोडणी वाकडी आहे. टेबलावरही तो मोठा, पण स्थिर, आणि मेगर चांगला, तर सेलनं ओव्हरलोड खाल्लाय. धातूच कायमचा वाकलाय. थोडं सरकणं इंडिकेटर पोटात घेतो, पण असा सेल मूळचा राहिला नाही, कॅलिब्रेशन केल्याशिवाय त्याच्यावर विश्वास नको. १० टक्क्यांच्या वर सरकला असेल तर मी कॅलिब्रेशनलाही पाठवत नाही, भंगारात टाकतो. ओव्हरलोड कसा झाला ते शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल. आजूबाजूला वेल्डिंग झालंय का तेही विचारा. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प चुकीच्या बाजूला लागला तर सगळा प्रवाह सेलमधून जातो. वेल्डिंगआधी सेल काढून ठेवणं उत्तम. ते जमत नसेल तर निदान सेलला वळसा घालणारी जाड तांब्याची पट्टी हवी.

इथं थांबा

खालीलपैकी काही असेल तर पाना खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

सेलच्या धातूला चीर दिसते, किंवा टांगलेल्या भाराखाली, क्रेनमध्ये, लिफ्टिंगच्या कामात तो वापरला जातो: लगेच वापर बंद. तिथं प्रश्न मोजमापाचा राहिलेला नसतो, खाली उभ्या माणसाचा असतो.

स्फोटक वायू किंवा धूळ असलेली जागा: तिथं मेगर नाही, जंक्शन बॉक्स उघडणंही नाही. सुरक्षा बॅरिअरची (ठिणगी पडू नये म्हणून वीज मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाची) वायरिंग ज्याला परवानगी आहे त्यानंच हाताळायची.

वेल्ड करून बंद केलेला सेल: तो कापून उघडू नका. गेज पुन्हा चिकटवणं, त्यांना ठरावीक तापमानावर पिकवणं, भरपाईचे रोध जुळवणं हे टेबलावरचं काम नाही. यूट्यूबवर बघून केलेले दोन सेल माझ्याकडे आले होते, दोन्ही शोभेला ठेवलेत.

इंडिकेटरचं सील: मोजमाप खरेदी-विक्रीसाठी वापरलं जात असेल तर सील तोडण्याचा अधिकार तुमचा नाही.

आणि एक, जे सगळ्यांत जास्त टाळलं जातं. सेल, इंडिकेटर किंवा चार वायरींची केबल बदलली असेल तर मशीन चालू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणी मशीनची पडताळणी पुन्हा करावीच लागते, जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी. पडताळणीसाठी वापरायची संदर्भ उपकरणं आयएसओ ३७६ या मानकाखाली येतात. त्यांच्या कॅलिब्रेशनची मुदत जास्तीत जास्त २६ महिने, आणि ओव्हरलोड झाला किंवा दुरुस्ती केली तर ती तिथंच संपते.

प्रयोगशाळेत पाठवताना ती सुरुवातीची वही सोबत द्या, आणि 'कुठलीही जुळवणी करण्याआधी आले तसे आकडे घ्या' असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. त्या आकड्यांवरूनच ठरेल की गेल्या काही महिन्यांत पास केलेले नमुने पुन्हा तपासायचे की नाही.